बायची दुसरी सर्व्हिस: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या एका गावात मी मुलांना टेनिस शिकवतो. कोर्ट एकच आहे, सिमेंटचं, भोवती जांभ्याचा गडगा. पश्चिमेला सुरूचं बन आणि त्यामागे समुद्र. जून लागला की कोर्ट बंद होतं. आमच्या पट्ट्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पाऊस ओसरला तरी शेवाळ खरवडून कोर्ट पायाखाली घ्यायला ऑक्टोबर उजाडतो. खेळायला वर्षाचे आठ महिने, असं धरूनच आम्ही चालतो.

ज्या मुलीबद्दल लिहितोय तिचं नाव देत नाही. घरी तिला बाय म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. आमच्याकडे घरोघरी एखादी बाय असतेच. तिला आणि तिच्या आईला विचारूनच हे लिहिलं आहे.

बाय अकराव्या वर्षी कोर्टवर आली. त्याआधी ती वाडीतल्या पोरांबरोबर टेनिस बॉलचं क्रिकेट खेळायची, आणि सीमारेषेवरून थेट स्टंपात थ्रो मारायची म्हणून मुलगे तिला संघात घ्यायला भांडायचे. ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. तिचा उपयोग करायचं मला दीड वर्ष सुचलं नाही, हे या प्रकरणातलं माझं सर्वात मोठं शल्य आहे.

फोरहँड-बॅकहँड तिने सहा महिन्यांत पकडले. पाय हलके, नजर चेंडूवर, आणि हरलेल्या गुणामागे रडत बसायची नाही. बारा पूर्ण झाल्यावर ती १४ वर्षांखालील शालेय जिल्हा स्पर्धेत उतरली आणि अंतिम फेरीत गेली.

अडचण

अंतिम सामना एका सेटचा होता. त्यात बायने अकरा डबल फॉल्ट केले, म्हणजे अकरा वेळा पहिली आणि दुसरी अशा दोन्ही सर्व्हिस चुकवून गुण गमावला. एका गेमला किमान चार गुण लागतात. अकरा गुण म्हणजे जवळजवळ तीन गेम तिने रॅकेट न लागता समोरच्या मुलीला दिल्या. रॅली सुरू झाली की बहुतेक गुण बायच घेत होती. सेट ६-४ ने गेला.

तिची सर्व्हिस तेव्हा कशी होती ते नीट सांगतो, कारण अशी सर्व्हिस गावोगाव दिसते. रॅकेटची पकड कालथ्याची: तव्यावरची भाकरी उलटायला कालथा जसा धरतात, तशी रॅकेटची जाळी सरळ समोर तोंड करून. टॉस, म्हणजे मारण्याआधी चेंडू वर उडवणं, ते उंच, टीव्हीवरच्या खेळाडूंसारखं. पहिली सर्व्हिस पूर्ण ताकदीने वरून खाली. ती बहुतेक वेळा नेटमध्ये. मग दुसरी सर्व्हिस म्हणजे वेगळाच फटका: हात आखडून, कोपरातून चेंडूला पुढे ढकलणं. सराव सामन्यात ती ढकललेली सर्व्हिस पडायची. स्पर्धेत हात घट्ट झाला की तीही नेटमध्ये, नाहीतर सर्व्हिस लाइनच्या, म्हणजे जिच्या आत सर्व्हिस पडायला हवी त्या रेषेच्या, बाहेर.

त्या दिवशी वाराही होता. आमच्याकडे सकाळी जमिनीवरून मतलई वारे असतात ते मंद. दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे सुटतात ते मात्र अंगावर येतात. सूर्य थेट डोळ्यात येऊ नये म्हणून टेनिस कोर्ट दक्षिणोत्तर आखतात, त्यामुळे समुद्राचा वारा आमच्या कोर्टवर बरोबर आडवा लागतो. उंच उडवलेला टॉस खाली येईतो हातभर सरकलेला असायचा आणि बाय त्याच्यामागे वाकडी होऊन मारायची. टॉस चुकला तर चेंडू हातात झेलून पुन्हा उडवता येतो, रॅकेट फिरवली नाही तोवर फॉल्ट धरत नाहीत. हा साधा नियम मी तिला सांगितला होता. पण सांगणं आणि सवय लावणं यात अंतर असतं. ती प्रत्येक टॉस मारत होती.

पहिला निर्णय आणि तो का चुकला

स्पर्धेहून परतल्यावर मी ठरवलं: रोज १०० सर्व्हिस. आठवड्याचे सहा दिवस. कारण मला दोष टॉसमध्ये दिसत होता आणि टॉस सरावाने सुधारतो, असा माझा समज. कोर्टच्या बाजूला उभा राहून मी एकच वाक्य बोलत होतो, ‘टॉस समोर ठेव, बाय, टॉस समोर.’

आठ आठवड्यांत साडेचार हजारांच्या वर सर्व्हिस झाल्या. चुकीच्या पकडीने, आणि मुंबईच्या मामेभावाने दिलेल्या २७ इंची, ३०० ग्रॅमच्या रॅकेटने. ती रॅकेट मोठ्यांची. बारा वर्षांच्या, चार फूट नऊ इंचांच्या मुलीच्या हातात ती जड होती, आणि ते मला कळायला हवं होतं. पण घरच्यांनी प्रेमाने दिलेली वस्तू बदला म्हणायला जीभ वळली नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका संध्याकाळी तिची आजी कोर्टवर आली. एरवी ती कधी येत नसे. गडग्यापाशी उभी राहून म्हणाली, ‘सर, बायचो हात वर जायना. आज येणी मीच घातलंय.’ येणी म्हणजे वेणी.

बाय मला काही बोलली नव्हती. दोन आठवडे दुखत होतं आणि ती रोज १०० पूर्ण करत होती, कारण १०० मी सांगितले होते. मी तिथल्या तिथे सर्व्हिस थांबवली. दुसऱ्या दिवशी तिची आई तिला घेऊन डॉक्टरांकडे आणि तिथून फिजिओथेरपिस्टकडे गेली. वाढत्या वयात खांद्याच्या हाडाच्या टोकाशी वाढीची जागा मऊ असते, तिच्यावर त्याच त्या हालचालीचा ताण पडत राहिला तर ते साधं दुखणं राहत नाही, असं त्यांनी समजावलं. चार आठवडे डोक्यावरून हात नेणारा कुठलाही फटका बंद. सुदैवाने वेळेत गेलो होतो.

तंगुसाचा प्रयोग

त्या चार आठवड्यांत बाय कोर्टवर यायची, फोरहँड मारायची आणि बाकी वेळ चेंडू गोळा करायची. मी तिचे मोबाइलवर काढलेले जुने व्हिडिओ पाहत बसायचो. पंधरा-वीस वेळा पाहिल्यावर लक्षात आलं की टॉस चांगला पडला तेव्हाही पहिली सर्व्हिस नेटमध्येच जात होती. म्हणजे दोष टॉसचा नव्हता, किंवा फक्त टॉसचा नव्हता.

टेनिस कोर्टचं माप पक्कं असतं. बेसलाइनपासून, म्हणजे जिच्यामागून सर्व्हिस करतात त्या शेवटच्या रेषेपासून, नेट ३९ फूट, नेटपासून पलीकडची सर्व्हिस लाइन २१ फूट. नेट मध्यावर ३ फूट उंच, खांबांपाशी साडेतीन. मी कागदावर त्रिकोण काढला. पलीकडच्या सर्व्हिस लाइनवरून नेटच्या मध्यावरच्या पट्टीला टेकवून एक सरळ रेष बेसलाइनपर्यंत आणली, तर ती बेसलाइनवर किती उंचीवर येते? ३ भागिले २१ गुणिले ६०. साडेआठ फुटांच्या जरा वर, आठ फूट सात इंच.

कागदावरचं गणित मुलांना पटत नाही. म्हणून बायच्या काकांकडून मासेमारीचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, आणला. सुतळी ६० फुटांत झोळ घेते, तंगूस ताणला की ताठ राहतो. एक टोक पलीकडच्या टीवर, म्हणजे सर्व्हिस लाइनला मधली रेष मिळते तिथे, दगडाखाली दाबलं, तंगूस नेटच्या पट्टीला टेकवला आणि बेसलाइनवर बांबूला आठ फूट सात इंचांवर बांधला. तंगूस उन्हात दिसेना, म्हणून बॅचमधल्या पोरांनी त्याला लाल चिंध्या लटकवल्या. मग बायला सांगितलं, रॅकेट जास्तीत जास्त उंच धरून बांबूपाशी उभी राहा.

तिच्या रॅकेटच्या जाळीचा मध्य सात फुटांच्या थोडा वर पोचला. चिंध्या त्याच्याही दीड फूट वर फडफडत होत्या.

ती बराच वेळ वर बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे सर, मी खाली मारला तर तो जाणारच नाही?’

नाही जाणार. ही झाली सरळ रेषेची गोष्ट. प्रत्यक्षात गुरुत्वाकर्षण चेंडूला खाली ओढतं, त्यामुळे थोडी सूट मिळते. पण त्या सुटीचा फायदा घ्यायला चेंडू आधी नेटच्या वरून बऱ्यापैकी उंच जायला हवा. ज्याचा चेंडू हळू, त्याने तो वरच मारला पाहिजे. सहा-सव्वासहा फुटांचा खेळाडू वरून खाली मारताना दिसतो, तेव्हा त्याची रॅकेट त्या लाल चिंध्यांच्या वर असते. आपण त्याची नक्कल चार फूट नऊ इंचांच्या मुलांना शिकवतो. मी दीड वर्ष तेच केलं होतं.

वर मारून चेंडू आत पाडायचा तर त्याला पुढच्या बाजूने गिरकी हवी, म्हणजे तो वर जाऊन झपकन खाली येतो. अशी गिरकी कालथ्याच्या पकडीने देता येत नाही, मनगट वळतच नाही. त्याला कोयत्याची पकड लागते. शहाळं तासायला कोयता धरतात तशी, धार चेंडूकडे. टेनिसच्या भाषेत तिला काँटिनेंटल म्हणतात. आमच्या पोरांना कोयता म्हटल्याबरोबर हात आपोआप बरोबर जागी जातो, हे मला त्या दिवशी कळलं.

समोरचे पर्याय

मार्चमध्ये खांदा मोकळा झाला. मे महिन्यात घाटावरच्या एका शहरात लहान मुलांची स्पर्धा होती आणि बायला जायचंच होतं. आम्ही तिघं, बाय, तिची आई आणि मी, पडवीत बसून बोललो. आई पतपेढीत हिशेब बघतात, त्यामुळे त्यांना आकड्यांत सांगितलं. पहिली सर्व्हिस दहापैकी चार वेळा पडते, दुसरी दहापैकी सहा वेळा. म्हणजे १०० गुणांत साठ वेळा पहिली चुकणार, आणि त्या साठांतल्या चोवीस वेळा दुसरीही. दर चौथा गुण फुकट. हेच दोन्ही सर्व्हिस साध्या पण एकसारख्या असल्या आणि चारपैकी तीन वेळा पडल्या, तर १०० गुणांत सहा-सातच डबल फॉल्ट. बायच्या आईंनी लगेच विचारलं, ‘मग पहिली जोरात मारायचीच कशाला?’ इतकी वर्षं शिकवूनही हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

पहिला पर्याय होता जुनीच पकड ठेवून दुसरी सर्व्हिस आणखी हळू, आणखी जपून करायची. मेपर्यंत निभावलं असतं. पण उंची वाढल्यावर तीच मुलगी तिथेच अडकली असती, आणि सवय आणखी घट्ट झाली असती.

दुसरा, पकड मुळापासून बदलायची आणि वर्षभर स्पर्धा सोडायच्या. शिकवणारा म्हणून मला हे सोयीचं होतं. पण तेरा वर्षांच्या मुलीसाठी स्पर्धा म्हणजे बसप्रवास, मैत्रिणी, डबा, नवीन गाव. ते वर्षभर काढून घेतलं तर ती परत येईलच याची खात्री नव्हती.

तिसरा, पकड बदलायला घ्यायची आणि ती बसेपर्यंत मेच्या स्पर्धेत दुसरी सर्व्हिस खालून मारायची. खालून सर्व्हिस नियमात बसते. १९८९ च्या फ्रेंच ओपनमध्ये १७ वर्षांच्या मायकल चँगने पायात गोळे आलेले असताना पाचव्या सेटमध्ये इव्हान लेंडलला खालून सर्व्हिस केली, तो सामना जिंकला आणि पुढे स्पर्धाही. अलीकडचं उदाहरण जास्त जवळचं: २०२२ च्या जानेवारीत आर्यना सबालेंकाची सर्व्हिस ॲडलेडमध्ये इतकी बिघडली की तिनेही खालून चेंडू टाकला. वर्षभर तिने सर्व्हिसची बांधणी पुन्हा केली आणि २०२३ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली.

ही उदाहरणं मी बायला सांगितली. ती म्हणाली, ‘लोक हसतील.’ मी म्हणालो, नियमात आहे. तिसरा पर्याय ठरला. खरं म्हणजे तो मी ठरवला.

मे महिना

बायने खालून सर्व्हिस पटकन उचलली, नेटपासून जेमतेम पुढे पडून मरणारा चेंडू ती टाकायला लागली. मेमध्ये पहिली फेरी ती जिंकली, दुसरी हरली. दोन सामन्यांत एकच डबल फॉल्ट. कागदावर निर्णय बरोबर ठरला.

पण कुंपणापलीकडून हसण्याचे आवाज आले. एका मोठ्या माणसाने ‘हे कसलं टेनिस’ असं तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. परतीच्या बसमध्ये ती आंबोलीपर्यंत बोलली नाही. घाट उतरायला लागल्यावर खिडकीकडे बघतच म्हणाली, ‘सर, ते हसले त्याचं नाही वाटलं. पण तुम्ही खालची सर्व्हिस बॅचमध्ये कुणालाच शिकवली नाहीत. फक्त मला. म्हणजे ती ज्यांना येत नाही त्यांच्यासाठीच आहे ना?’

मला उत्तर देता आलं नाही. जूनपासून खालची सर्व्हिस मी बॅचमधल्या प्रत्येकाला शिकवतो, सगळ्यात जोरात मारणाऱ्या मुलालाही. आता मुलं त्या सर्व्हिसला युक्ती म्हणतात.

काय केलं

एप्रिलपासूनच कामाला लागलो होतो. आधी रॅकेट बदलली. २६ इंची, २५० ग्रॅमच्या आसपासची. मामेभावाची रॅकेट घरी भिंतीवर टांगून ठेवली, सोळाव्या वर्षी वापरायची म्हणून. हिरव्या ठिपक्याचे चेंडू मागवले. ते नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा साधारण २५ टक्के हळू जातात आणि हाताला चुकायला वेळ देतात. एका दिवसाला जास्तीत जास्त ४० सर्व्हिस, आठवड्यातून चार दिवस, आणि दुखलं तर लगेच सांगायचं. सांगितल्याबद्दल कौतुक होईल, रागावणं नाही, हे मी तिला आजीसमोर सांगितलं.

मग तिचा थ्रो. कोर्टशेजारी रायवळ आंब्याचं झाड आहे आणि एप्रिलमध्ये त्याला कैऱ्या लटकलेल्या असतात. मी बायला जुना चेंडू दिला आणि वरच्या फांदीवरची कैरी पाडायला सांगितलं. तिने न विचारता एक पाय मागे घेतला, गुडघा वाकवला, डावा हात वर नेला, खांदा फिरवला आणि चेंडू वर फेकला. मी तिला तिथेच थांबवलं. तिच्या अंगात सर्व्हिस आधीपासूनच होती. रॅकेट हातात आली की ती विसरायची, एवढंच. आम्ही दहा मिनिटं फक्त कैऱ्यांवर चेंडू फेकले, मग त्याच हालचालीत रॅकेट दिली. चेंडू नेटच्या मीटरभर वरून गेला आणि सर्व्हिस लाइनच्या थोडा बाहेर पडला. माझ्या दृष्टीने ती त्या वर्षीची सगळ्यात चांगली सर्व्हिस होती. बाहेर गेलेला चेंडू गिरकीने आत आणता येतो, नेटमध्ये गेलेल्याला काही करता येत नाही.

पुढचा क्रम असा राहिला. आधी सर्व्हिस लाइनवर गुडघ्यावर बसून. बसल्यावर खाली मारणं अशक्यच होतं, चेंडू वर घासल्याशिवाय नेट ओलांडत नाही. मग उभं राहून तिथूनच, मग चार-चार पावलं मागे. बेसलाइनपर्यंत यायला आम्हाला पाच आठवडे लागले. एका टप्प्यावर दहापैकी सात पडल्याशिवाय मागे सरकायचं नाही, हा नियम तिने स्वतः केला आणि एकदाही मोडला नाही. आणि या सगळ्या काळात पहिली सर्व्हिस नव्हतीच. फक्त दुसरी. जी दुसरी, तीच पहिली.

पावसाळ्यात कोर्ट बंद झालं तेव्हा एका शाळेचा हॉल आठवड्यातून तीन दिवस मिळाला. भिंतीवर ३ फुटांवर खडूची रेष म्हणजे नेट, तिच्यावर ६ फुटांपर्यंत दुसरी रेष. चेंडू या दोन रेषांमध्ये लागला पाहिजे, आणि लागताना रॅकेटवर थप्प असा नाही, सर्र असा घासल्याचा आवाज आला पाहिजे. मुलं आवाजावरून एकमेकांच्या सर्व्हिस ओळखायला लागली.

टॉसचा प्रश्न मात्र मी सोडवला नाही, घराने सोडवला. गणपतीत हॉल बंद होता, चाकरमान्यांनी घर भरलेलं, बाहेर पाऊस. बाय पडवीत टॉसचा सराव करायची. पडवीचं छप्पर भिंतीकडे नऊ फुटांच्या आसपास. उंच उडवला की चेंडू वाशाला लागून कुठेही जायचा आणि आजी ओरडायची. आठ दिवसांत टॉस आपोआप रॅकेटच्या उंचीच्या फूटभर वर येऊन थांबायला लागला. उंची कमी झाली, म्हणजे हवेत राहण्याचा वेळ कमी झाला, म्हणजे वाऱ्याने सरकणंही. पाच महिने मी ‘टॉस समोर’ म्हणत होतो. ‘टॉस खाली’ म्हणायला हवं होतं.

वाऱ्याची योजना

ऑक्टोबरात कोर्ट उघडल्यावर डावपेचांकडे वळलो. तेरा वर्षांच्या मुलीला दहा योजना दिल्या तर सामन्यात एकही आठवत नाही. मी दोनच दिल्या.

बहुतेक मुलींचा बॅकहँड कच्चा असतो. समोरची उजव्या हाताने खेळणारी असेल तर उजव्या बाजूच्या चौकोनात सर्व्हिस टीकडे, कारण तिथे तिचा बॅकहँड येतो आणि नेटही मध्यावर अर्धा फूट खाली असतं. डाव्या बाजूच्या चौकोनात बाहेरच्या रेषेकडे. नेम साधत नसेल तर सरळ अंगावर.

दुसरी योजना वाऱ्याची. गेम एक, तीन, पाच अशा विषम गेमनंतर टोकं बदलतात, त्यामुळे एकाच खेळाडूच्या सर्व्हिसच्या गेम आलटून पालटून दोन्ही टोकांना येतात. उत्तरेच्या टोकाला उभी राहिली की समुद्र बायच्या उजव्या हाताला. उजव्या हाताच्या खेळाडूची कापलेली, म्हणजे चेंडूला बाजूने घासून मारलेली, सर्व्हिस तशीही डावीकडे वळते, त्यात वारा तिला आणखी डावीकडे नेतो. तिथून उजव्या चौकोनात बाहेरच्या बाजूला टाकली की समोरची मुलगी कोर्टबाहेर ओढली जाते आणि सगळं कोर्ट मोकळं. दक्षिणेच्या टोकाला समुद्र डाव्या हाताला. तिथे वारा ते वळण खाऊन टाकतो, म्हणून तिथे कापायचं नाही, वर घासून अंगावर टाकायची.

दोन गुणांमध्ये २५ सेकंद मिळतात. त्यात तिने स्वतःचा क्रम लावला: सुरूच्या शेंड्यांकडे एक नजर, चेंडू तीनदा टप्पा, जागा ठरवायची, मग टॉस. पटला नाही तर झेलायचा. आम्ही सराव सामन्यांत नियमच केला की प्रत्येक गेममध्ये एक टॉस मुद्दाम झेलायचा, म्हणजे झेलण्याची लाज जाते.

निकाल

जिल्हा स्पर्धा तिने जिंकली. अंतिम सामन्यात दोन डबल फॉल्ट झाले, दोन्ही चेंडू बाहेर, एकही नेटमध्ये नाही. बिनतोड सर्व्हिस एकही नव्हती आणि त्याची गरजही पडली नाही. चार-पाच वेळा टॉस झेलला. एकदा ४-४ वर, ३०-४० असताना, पहिली सर्व्हिस चुकल्यावर तिने शेंड्यांकडे पाहिलं, टॉस झेलला, पुन्हा पाहिलं, आणि हात न आखडता दुसरी सर्व्हिस घासून मारली. गुण तिने सातव्या-आठव्या फटक्यावर जिंकला. गडग्यावर बसलेल्या आजीला त्यातलं काय कळलं माहीत नाही, पण ती उभी राहिली होती.

विभागीय स्पर्धा त्या वर्षी कोल्हापुरात झाली. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर, नोव्हेंबरची कोरडी हवा, समुद्राचा वारा नाही. उंचीवरच्या विरळ हवेत चेंडू जरा लांब जातो. बायच्या पहिल्या दोन गेममध्ये सर्व्हिस सारखी लांब पडत होती. मला बाहेरून बोलता येत नव्हतं. तिने वेग कमी केला नाही, घासणं वाढवलं, आणि तिसऱ्या गेमपासून चेंडू आत यायला लागला. पहिली फेरी जिंकली. दुसऱ्या फेरीत तिच्याहून वर्षाने मोठी, चांगली खेळणारी मुलगी होती. तिने ओळखलं की बायची सर्व्हिस पडते, पण आखूड पडते. ती दोन पावलं आत येऊन थेट फोरहँड मारायला लागली. बाय ६-२ ने हरली. डबल फॉल्ट एक.

खांदा वर्षभर दुखला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

आजी गडग्यापाशी आली तिथपर्यंत मी थांबायला नको होतं. दुखणं मुलं सांगत नाहीत, विशेषतः ज्यांना खेळायचं असतं ती. आता बॅच सुरू होताना मी प्रत्येकाला दोन्ही हात डोक्यावर नेऊन मागे वेणी घालतात तशी हालचाल करायला लावतो. मुलग्यांनाही. अर्धा मिनिट लागतो. ज्याचा हात अडतो तो त्या दिवशी सर्व्हिस करत नाही.

पकड पहिल्याच महिन्यात द्यायला हवी होती. कोयत्याची पकड सुरुवातीला अवघड जाते, चेंडू बाजूला उडतात, मूल कंटाळतं, म्हणून आपण ‘नंतर बघू’ म्हणतो. ते नंतर कधी येत नाही, किंवा आलं तर दुखऱ्या खांद्यासकट येतं. मंद चेंडू आणि कमी अंतर असलं की आठ वर्षांचं मूलसुद्धा ही पकड घेतं. हे मी गेल्या दोन वर्षांत लहान बॅचमध्ये पाहिलं आहे.

मेच्या स्पर्धेबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे. खालची सर्व्हिस तेव्हा बरोबर उपाय होता असं मला आजही वाटतं. पण तो उपाय मी एकटीवर लादला. सगळ्यांना शिकवून, सराव सामन्यात सगळ्यांकडून करवून घेऊन मग तिला दिला असता, तर आंबोलीपर्यंतची ती शांतता वाचली असती. आणि तिने ‘लोक हसतील’ म्हटलं तेव्हा मी नियमाचं उत्तर दिलं. तिचा प्रश्न नियमाचा नव्हता.

घाटावरच्या हवेचा विचारही आधी करायला हवा होता. एक दिवस आधी जाऊन अर्धा तास तिथल्या कोर्टवर सर्व्हिस केली असती तर पहिल्या दोन गेम वाचल्या असत्या.

आता पुढचा प्रश्न उभा आहे. बाय चार फूट अकरा इंच झाली आहे. तंगूस अजूनही तिच्या रॅकेटच्या फूटभर वर जातो. आखूड पडणारी दुसरी सर्व्हिस लांब कशी पाडायची, की आता थोडी जोरकस पहिली सर्व्हिस शिकवायला घ्यायची, यावर आमचं एकमत नाही. तिला जोरकस हवी आहे. मला आणखी एक पावसाळा हॉलच्या भिंतीवर घालवावासा वाटतो, वरची रेष ६ फुटांवरून ७ फुटांवर नेऊन. या वेळी ठरवण्याआधी मी तिला पूर्ण बोलू देणार आहे. रविवारी पडवीत बसायचं ठरलं आहे.